पडताळणीच्या दिवशी पाहुण्याच्या खुर्चीवर बसविलेल्या माणसाबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी (गृहकर्ज विभाग),
सीनाकाठ नागरी सहकारी बँक लि.,
सावेडी शाखा, अहिल्यानगर.

अर्जदार : महेंद्र कोंडीराम साळवे, वय ४१, व्यवसाय नोकरी (कोणती, याचा खुलासा खाली कलम २ मध्ये), रा. भिंगार, भाड्याने.
सहअर्जदार : सौ. रोहिणी महेंद्र साळवे, वय ३६, व्यवसाय शिवणकाम, रा. सदर.

विषय : आपले पडताळणी प्रतिनिधी श्री. आसाराम गर्जे यांना कामावर परत घेणेबाबत; व त्यानंतर सवड झाल्यास अर्जदाराच्या गृहकर्जाबाबत.

संदर्भ : १) गृहकर्ज मागणी अर्ज, दि. ६/१०/२०२५. २) आपले मंजुरीपत्र, दि. १२/१२/२०२५. ३) खुलासा मागविणारे आपले पत्र, दि. ९/१/२०२६. ४) अर्जदाराने लिहिलेले परंतु आपणांस कधीही न दिलेले पत्र, दि. ३/११/२०२५.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार विनंतीपूर्वक कळवितो की, संदर्भ ३ च्या पत्राने आपण सात दिवसांत खुलासा मागविला होता. आज दहावा दिवस आहे. तीन दिवसांचा उशीर टपालामुळे झालेला नाही. अर्जदाराने हा खुलासा चार वेळा लिहिला व चारही वेळा तो इतका सोयीचा झाला की अर्जदाराला स्वतःचीच दया आली, म्हणून फाडला. हा पाचवा आहे.

१. अर्जदार हा नागापूर औद्योगिक वसाहतीतील पंपांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षे फिटर होता. लग्नापासून आजपर्यंत त्याची सात भाड्याची घरे झाली. अर्जदाराच्या मातोश्री भागिरथीबाई सातपैकी एकाही घरात भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. दुसऱ्याच्या भिंतीला भोक कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे अर्जदाराच्या वडिलांचा फोटो गेली नऊ वर्षे कपाटाला टेकून उभा आहे. सध्याच्या घरमालकांना मुलाच्या लग्नासाठी खोल्या हव्या असून त्यांनी मार्चअखेर जागा सोडण्यास सांगितले आहे. अशा परिस्थितीत केडगाव येथील दोन खोल्यांच्या रो-हाऊससाठी अर्जदाराने आपल्याकडे कर्ज मागितले. हे घर मिळणे वा न मिळणे सर्वस्वी आपल्या सहीवर आहे, याची अर्जदारास पुढील मजकूर लिहिताना पूर्ण जाणीव आहे.

२. कर्जाचा अर्ज दिल्यावर आपल्या कर्मचाऱ्यांनी मासिक हप्ता किती येईल ते कागदावर काढून दिले. तो कागद घरी नेल्यावर असे ध्यानात आले की हप्ता फेडता येईल, परंतु त्यानंतर महिन्याच्या वीस तारखेपासून जेवता येणार नाही. दिवाळी होताच नेवासा रस्त्यावरील एका दूध प्रकल्पात देखभाल सुपरवायझरची जागा निघाली. पगार पहिल्यापेक्षा बराच जास्त, मात्र पहिले सहा महिने प्रोबेशन. अर्जदाराने ती पत्करली. म्हणजे हप्ता झेपावा म्हणून नोकरी बदलली, आणि नोकरी बदलली म्हणून कर्जच अडण्याची वेळ आली. याला व्यवहारात काय म्हणतात ते साहेबांस ठाऊक असेल. अर्जदाराच्या आई याला ‘घर बांधायला दगूड काडला, त्यो बी ऱ्हात्या घराच्या भितीतला’ असे म्हणतात.

३. आपल्या छापील अर्जातील कलम १७ मध्ये ‘नोकरीत बदल झाल्यास अर्जदाराने तत्काळ लेखी कळविणे बंधनकारक राहील’ असे आहे. अक्षर बारीक असल्याने ते वाचले नव्हते, असे लिहिता आले असते. पहिल्या खुलाशात अर्जदाराने तसेच लिहिले होते. परंतु वस्तुस्थिती अशी की ते वाचले होते. त्याप्रमाणे दि. ३ नोव्हेंबर रोजी चार ओळींचे पत्र लिहून, ते डब्याच्या पिशवीत घालून अर्जदार आपल्या शाखेत आलाही होता. खिडकीवरील मॅडम जेवायला गेल्या होत्या. ‘पंधरा मिनिटांत येतील’ असे शिपाई म्हणाला. अर्जदार बाकावर बसला आणि ती पंधरा मिनिटे विचार करीत राहिला. प्रोबेशनवरच्या माणसाला कर्ज कोण देणार, एवढाच तो विचार होता. दहाव्या मिनिटाला तो उठून निघून गेला. बाहेर पडताना त्याला हायसे वाटले होते. त्या हायसे वाटण्याची आज लाज वाटते. सदर पत्र सोबत जोडले आहे. त्यावर पडलेला डाग मेथीच्या भाजीच्या तेलाचा असून मजकूर वाचता येतो.

४. आता मूळ प्रकरण. जुन्या कारखान्यातील अर्जदाराचा शेवटचा दिवस २८ नोव्हेंबर होता. आमच्या विभागात जाणाऱ्या माणसाचा सत्कार करण्याची प्रथा आहे. ती हजेरी विभागाचे क्लार्क श्री. सूर्यभान वाकळे (अण्णा) अनेक वर्षे चालवितात व तिचे काही पक्के नियम आहेत. पहिला नियम असा की, फलकावर ‘निरोप’ हा शब्द लिहायचा नाही. जित्या माणसाला निरोप देऊ नये, असे अण्णांचे मत. त्यामुळे फलकावर जाणाऱ्याचा फोटो व खाली ‘हार्दिक अभिनंदन’ एवढेच असते. दुसरा नियम, जाणाऱ्याच्या शेजारी पाहुण्याची एक खुर्ची मांडायची व ती मोकळी ठेवायची नाही. तिसरा, त्या खुर्चीवर जो बसेल त्यालाही शाल, श्रीफळ आणि फेटा द्यायचा, मग तो कोणी का असेना. मागे एकदा साहेब आले नाहीत म्हणून पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या ड्रायव्हरचा सत्कार झालेला आहे.

त्या दिवशीही मॅनेजरसाहेबांना अचानक पुण्याला जावे लागले आणि खुर्ची मोकळी राहिली. भाषणे संपत आली होती. नेमके त्याच वेळी, दुपारी दीडच्या सुमारास, आपल्या बँकेची फाईल काखेत धरून श्री. आसाराम गर्जे शेडच्या दारात आले.

५. श्री. गर्जे हे पन्नाशीचे गृहस्थ. मूळ पाथर्डी तालुक्यातले. मोपेडवरून घरोघर व कारखानोकारखानी जाऊन कर्जदार खरोखर तिथे राहतो का, कामाला आहे का, हे पाहण्याचे काम ते आपल्यासाठी कंत्राटावर करतात. अर्जदाराने फाईलवरील बँकेचे नाव लांबूनच ओळखले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे झाले. दुसऱ्या कोणी बोलण्याच्या आत अर्जदार लगबगीने दाराशी गेला व त्यांना बाजूला घेतले.

त्यांनी फलकाकडे पाहून विचारले, “कशाचा कारेक्रम हाय?”

अर्जदार म्हणाला, “चौदा वर्षं झाली इथं. त्याचा सत्कार.”

त्यांनी फाईल उघडून नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला, “म्हंजे नोकरी चालू हाय.”

अर्जदार म्हणाला, “चालू आहे.”

महोदय, या दोन उत्तरांत एकही शब्द खोटा नाही. चौदा वर्षे झालीच होती. त्या वेळी दीड वाजला होता आणि अर्जदाराची नोकरी साडेतीनपर्यंत चालू होती. दुसऱ्या व तिसऱ्या खुलाशात अर्जदाराने हाच मुद्दा घड्याळासह मांडला होता. परंतु श्री. गर्जे यांना फसविण्यासाठी याहून खोटे असे काहीही बोलण्याची गरज नव्हती, हे अर्जदारास बोलतानाच कळत होते. खोटे बोलणारा निदान अडखळतो. अर्जदार अडखळलाही नाही.

६. इतक्यात अण्णा तेथे आले व हे कोण म्हणून त्यांनी विचारले. बँकेचे, असे सांगितले असते तर अण्णांनी सरळ मनाने ‘साळवे तर आज चालले’ असे सांगून टाकले असते. म्हणून अर्जदार म्हणाला, “आमचे पाहुणे आहेत.” झाले. पाहुणा म्हटल्यावर अण्णांना पुढचे सांगावे लागत नाही. त्यांनी श्री. गर्जे यांचा दंड धरला, नको नको म्हणत असता त्यांना मोकळ्या खुर्चीवर बसविले, डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. श्री. गर्जे यांनी फाईल मांडीखाली ठेवली होती, कारण नारळ धरायला दोन्ही हात लागले.

त्यांनी आपले काम मात्र सोडले नाही, हे नमूद करणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. शेजारी उभ्या असलेल्या अण्णांना त्यांनी हळूच विचारले, की साळवे कामाला कसे आहेत. पाहुणा कौतुकाने विचारतो आहे असे समजून अण्णा म्हणाले, “चौदा वर्सांत यांनी आमची येक मशीन बंद पडू दिली न्हाई.” ते श्री. गर्जे यांनी नारळ मांडीवर ठेवून, फेटा सावरीत लिहून घेतले.

नंतर प्रथेप्रमाणे पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. श्री. गर्जे उठले. मग म्हणाले, “अकरा वर्सं झाली, मी लोकांच्या दारात हुबा ऱ्हातोय. कुनी कुत्रं सोडतं, कुनी दार लावून घेतं. बसा म्हनायला कुनाचं तोंड उचलत न्हाई. आज तुमी खुर्ची दिली. मला काय बोलावं ते कळंना.”

सर्वांनी टाळ्या वाजविल्या. अर्जदारानेही वाजविल्या. या अर्जातील सर्वांत वाईट वाक्य तेच आहे, म्हणून ते वेगळे लिहिले.

७. त्याच संध्याकाळी श्री. गर्जे यांनी आपल्याकडे अहवाल दिला. त्याची प्रत आपण पत्रासोबत पाठविली आहे. ‘नोकरी कायम व प्रतिष्ठेची. सहकाऱ्यांत जिव्हाळा. अर्जदाराचा सत्कार समक्ष पाहिला. शिफारस करण्यास हरकत नाही.’ या अहवालावर आपण बारा डिसेंबर रोजी कर्ज मंजूर केले. अर्जदाराने शाखेत पेढे आणले होते, ते साहेबांच्या स्मरणात असेल. मनात म्हटले, सुंठीवाचून खोकला गेला. पुढे रक्कम देण्यापूर्वी आपण पगाराची ताजी पावती मागितली, जुन्या कारखान्यात फोन केला, आणि तिथल्या कार्यालयाने सांगितले की साळवे अठ्ठावीस नोव्हेंबरलाच सोडून गेले. म्हणजे ज्या तारखेला माणूस गेला, त्याच तारखेला तो कायम असल्याचा अहवाल.

८. येथपर्यंत अर्जदाराचे जे व्हायचे ते होवो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आपल्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात असे आहे की ‘सदर प्रतिनिधीने कर्जदाराकडून शाल, श्रीफळ व अन्य वस्तू स्वीकारून दिशाभूल करणारा अहवाल दिल्याचे छायाचित्रावरून दिसून येत असल्याने त्यांचे काम तातडीने थांबविण्यात आले आहे’. छायाचित्र अण्णांनीच कौतुकाने मोबाईलच्या स्टेटसला ठेवले होते व तेथून ते आपल्यापर्यंत पोचले. त्यात श्री. गर्जे फेटा बांधून हसत आहेत आणि अर्जदार हसत नाही. फसवणारा कोण आणि फसलेला कोण, हे खरे तर त्या एका फोटोवरून कळावे. तरीही खालील गोष्टी नोंद करून घ्याव्यात. शाल कारखान्यातील वर्गणीतून आणली होती. फेटा भाड्याचा होता व संध्याकाळी परत केला. ‘अन्य वस्तू’ म्हणजे एक पेढा व अर्धा कप चहा. लाच देणाऱ्याने लाच दिली नाही आणि घेणाऱ्याला ती घेतल्याचे माहीत नाही, अशी ही लाच आहे.

९. पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी अर्जदार विचारत विचारत श्री. गर्जे यांच्या घरी गेला. तेही भाड्यानेच राहतात. त्यांच्या पत्नीने बसायला खुर्ची दिली. घरात ती एकच होती, म्हणून श्री. गर्जे स्वतः उभे राहिले. अर्जदाराला वाटले होते, ते शिव्या देतील. तशी मनाची तयारी करून व थोडी आशा धरूनच तो गेला होता, कारण शिव्या खाल्ल्या की माणूस थोडा मोकळा होतो. त्यांनी एकही शिवी दिली नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी न मोडलेली शाल काढून पुढे ठेवली आणि म्हणाले, ही न्या, पुरावा म्हणून बँकेत लागेल. अर्जदाराने ती घेतली नाही.

निघताना ते दारापर्यंत आले व म्हणाले, “सायेब, मला त्या दिशी सांगायचं हुतं. म्या लिवून दिलं आसतं, नवी नोकरी, पगार वाडला. लई तर म्हयना उशीर झाला आसता. तुमच्यासारकी ढीगभर कर्जं झालेली म्या बघितल्यात.”

महोदय, अर्जदार तेथून भिंगारपर्यंत चालत आला. गाडी श्री. गर्जे यांच्या दारातच राहिली होती, हे घरी आल्यावर लक्षात आले. जे मागितले असते तर मिळाले असते, ते अर्जदाराने चोरले आणि त्याची किंमत ज्याच्या घरात एकच खुर्ची आहे त्याने भरली. चौथा खुलासा या वाक्याच्या अलीकडे थांबला होता.

१०. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे. श्री. आसाराम गर्जे यांना विनाविलंब पूर्ववत काम द्यावे. त्यांच्या नोंदीतून ‘वस्तू स्वीकारून’ व ‘दिशाभूल’ हे शब्द काढावेत व त्या जागी अर्जदाराचे नाव लिहावे. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. त्यांना काय दाखवायचे हे अर्जदाराने ठरविले. साक्षीसाठी श्री. सूर्यभान वाकळे यांचा जबाब सोबत आहे. तो देताना अण्णा रडले व यापुढे पाहुण्याची खुर्ची मांडणार नाही म्हणाले, हा आणखी एक तोटा अर्जदाराच्या खाती जमा धरावा.

गृहकर्जाबाबत नियमाप्रमाणे जो निर्णय होईल तो अर्जदारास मान्य राहील. कर्ज नाकारल्यास अर्जदार अपील करणार नाही. दूध प्रकल्पाचे नियुक्तिपत्र व पगाराची पावती सोबत जोडली आहे, ती केवळ खरी कागदपत्रे एकदा तरी आपल्या फाईलमध्ये असावीत म्हणून. अर्जदाराचे कर्ज आणि श्री. गर्जे यांचे काम या दोहोंपैकी एकच होण्यासारखे असेल, तर दुसरे करावे. मातोश्रींना अद्याप काही सांगितलेले नाही. त्या केडगावला जाऊन फोटोची भिंत ठरवून आल्या आहेत.

११. शेवटी एक खुलासा. नियमानुसार या अर्जावर सहअर्जदाराची सही आवश्यक असल्याने ती घेतली आहे. तथापि सहअर्जदार सौ. रोहिणी हिस या प्रकरणातील काहीही माहीत नव्हते. अर्जदाराने बँकेस नोकरी बदलल्याचे कळविले आहे, असेच ती समजून होती. तिचा यात कोणताही दोष नसून पुढे कधी तिने स्वतंत्रपणे कर्ज मागितल्यास या प्रकरणाची सावली तिच्या अर्जावर पडू देऊ नये, ही विनंती.

कळावे, क्षमा करण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हे तर श्री. गर्जे यांच्याकडे आहे याची जाणीव ठेवून,

आपला नम्र व चुकलेला,
(सही)
महेंद्र कोंडीराम साळवे
भिंगार, दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) न दिलेले पत्र, दि. ३/११/२०२५ (डागासह).
२) श्री. सूर्यभान वाकळे यांचा जबाब.
३) दूध प्रकल्पाचे नियुक्तिपत्र व डिसेंबरची पगार पावती.
४) फेटेवाल्याची भाड्याची पावती.

सहअर्जदाराची सही व शेरा असल्यास :

वरील अर्ज मी पूर्ण वाचला. कलम ११ खरे नाही. दहा डिसेंबरला बँकेतून मला फोन आला होता. मिस्टर कुठे आहेत विचारले. मी ‘कंपनीत गेलेत’ म्हणाले. ते तेव्हा दूध प्रकल्पात होते, मला माहीत होते, आणि बँकेला अजून कळविलेले नाही हेही. कुठल्या कंपनीत ते बँकेने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. फोन ठेवला आणि मशीनवर बसून गणवेशाची बटणे लावली. ह्यांना हे मी आजपर्यंत बोलले नाही, आता वाचतील तेव्हा कळेल. कलम ११ खोडू नये, मी लिहिलेलेही खोडू नये. घर झाले असते तर निम्मे माझ्या नावावर होणार होते. तसे हेही निम्मे माझ्या नावावर घ्यावे.

(सही)
रोहिणी महेंद्र साळवे